शुक्रवारची पाळी

फळ्यावर खडूने माझं नाव, अक्षर चुकवून.
पुढे: चहा. बेकन. रेस्क्यू बोटीचं पेट्रोल.
ब्लॅकवॉटरच्या खाडीवर, मॉल्डनच्या खालच्या अंगाला,
आमचा क्लब म्हणजे एक पत्र्याची शेड,
एक लाकडी जिना आणि भरपूर चिखल.

सहा तास पाणी, सहा तास चिखल.
पोरांना हे पाठ आहे, मला अजून नाही.
मी बार्शीचा. आमच्याकडे पाणी यायचं दिवसाआड, नळाला,
आणि गेलं की गेलं.
इथे ते परत येतं, कुणी न बोलावता,
कुंपणापर्यंत येऊन दम खातं.

पोहता येत नाही, असं फॉर्मवर लिहिलंय मी.
म्हणून मला स्वयंपाकघर.
उभ्या जन्मात न चाखलेलं बेकन
चिमट्याने उलटत राहतो
आणि खिडकीतून मोजतो:
अकरा शिडं. त्यात शर्वाणीचं ठिगळाचं, तेवीस नंबर.
वारा पडला की पुन्हा मोजतो.

दाराशी हरवलेल्या वस्तूंचं खोकं.
त्यात नेहमी डावेच बूट.
उजवे खाडी ठेवून घेते, रॉय पेटिकन सांगतो,
तिलाही पाय फुटत असतात.

जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी वारा असा सुटला
की डोलकाठ्यांच्या तारा भांडी आपटल्यासारख्या वाजू लागल्या.
रॉयने लाल बावटा चढवला.
एकोणीस पोरं, एक खोली, ओले मोजे.
मेव्हने फिनच्या कानात चिप्स कोंबलेले.
ओलू रडकुंडीला, त्याचा आज पहिलाच दिवस.
रॉय दोर घेऊन बसला, गाठ शिकवू लागला:
ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो,
पुन्हा बिळात जातो.
ससे भलतीकडेच जात होते.
मग त्याने माझ्याकडे पाहिलं, खांद्यावर फडकं, हात ओले.
"तुला येते का एखादी?"

माझे वडील कापडाच्या दुकानात पार्सलं बांधायचे.
एकतीस वर्षं. सुतळीचा गुंडा छताला टांगलेला,
टोक नाकासमोर लोंबतं.
दोन आडवे वेढे, एक उभा, सरकगाठ,
आणि मग सुतळीवर सुतळीचाच पीळ घालून,
कात्री न लावता,
एका हिसक्यात,
टच्च.
नवं गिऱ्हाईक दचकायचं.
दहावीनंतर मला त्या आवाजाची लाज वाटायची.

मी बिस्किटांचा पुडा बांधला. मग टोस्टर. मग रॉयची टोपी.
टच्च.
खोली गप्प. मग एकोणीस हात पुढे.
ओलूची तुटली तेव्हा तो स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला,
कुणी बदलून दिल्यासारखा.
सुतळी संपली. शर्वाणी काहीच बोलली नाही.

गाडीत, दिवे लागल्यावर, विचारलं तिने,
आजोबांना पोहता यायचं?
नाही.
समुद्र पाहिला होता?
एकदा. विजार दुमडून, चपला हातात घेऊन उभे होते.
म्हणाले, याचं पार्सल नाही व्हायचं.

पुढचा शुक्रवार लख्ख. उलटण्याचा सराव.
पोरं आपणहून होडी उलटी पाडतात, हसत हसत.
याला शिक्षण म्हणतात, हे मला अजून पचायचंय.
तेवीस नंबर कलला. शीड पाण्यावर पसरलं,
वाळत घातलेल्या चादरीसारखं.
एक. दोन. तीन. चार.
बेकन जळतंय.
पाच.
पलीकडून एक हात आला, बुडाखालची फळी धरली,
तिने सगळा भार टाकला आणि होडी उठली
पाणी निथळत, डोहातून म्हैस उठावी तशी.
शर्वाणीने खिडकीकडे पाहिलं नाही.
कशाला पाहील?

फळ्यावर माझं नाव अजून चुकलेलंच.
पुढे रॉयच्या अक्षरात: चहा. बेकन. गाठी.
पेट्रोल मेव्हच्या आईकडे गेलंय.

ओहोटी लागली. उतारावर ओलू
एका पायाने उड्या मारत येतोय,
मोजा काळाकुट्ट, हातात काही नाही.
मी खोकं पायानेच पुढे सरकवतो.
डाव्या बुटांना आज आणखी एक सोबत.